ओडा काही खात नव्हती

ओस्टरवेल, संत मार्टिनचा दिवस, १४२३

गोसविन,

तुझं पत्र पोचलं. आई जाऊन दीड वर्ष झालं, तेवढ्या दिवसांत तुला बहीण आठवली नाही, आणि आता एकदम तीन पानं! वर 'माझ्या प्रिय ताईस'. मी आधी पत्र उलटंसुलटं करून बघितलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं इथं आलं की काय म्हणून.

तीन पानांपैकी अडीच तू देवाला दिलीस. कामाचं उरलेल्या अर्ध्यात आहे, ते मला नीट कळलं. बिशपनं नेमलेली तीन माणसं मेणबत्त्यांच्या सणानंतर आपल्या गावात येणार. आपली आई ओडा संत होती की नव्हती, याची चौकशी करणार. तिची सेवा करणारी मुलगी म्हणून मला शपथेवर विचारणार. आणि मी सांगायचं, की शेवटची बारा वर्षं तिनं रविवारच्या पवित्र भाकरीच्या तुकड्याशिवाय तोंडात काही घातलं नाही. कारण फादर गोसविन यांनी लॅटिनमध्ये तिचं चरित्र लिहिलंय आणि त्यात तसं आहे.

मी लॅटिन वाचत नाही, पण आमच्या पाद्रीबुवांनी मला ते पुस्तक सांगितलं. ऐकताना मला वाटलं, ही कोण बाई? आई विधवा झाली, तुला सातवं लागलं होतं, आणि ती चर्चच्या भिंतीला टेकलेल्या खोलीत गेली, दार विटांनी बंद करून घेतलं, मरेपर्यंत बाहेर आली नाही. एवढं तुझं खरं आहे. चर्चच्या बाजूला एक खिडकी, मिस्सा ऐकायला. रस्त्याच्या बाजूला एक, लोकांशी बोलायला. तेही खरं. पण मागच्या बाजूला, आम्हा व्रतस्थ बेगिन बायकांच्या आवारात उघडणारा एक झरोका होता, तो तुझ्या पुस्तकात कुठंच नाही. त्या झरोक्यातून मी तिला रोज जेवायला द्यायचे.

आई खायची, गोसविन. बार्लीची लापशी खायची, खारवलेला हेरिंग मासा खायची, शुक्रवारी वाटाणे. वर पातळ बिअर. मोहरीवाचून तिचं अडायचं. एकदा मोहरी संपली तर मला म्हणाली, "हाइला, देवानं जीभ दिली ती नुसती प्रार्थनेला दिली असं वाटतं का तुला?"

आणि तिला देव दिसायचा. यात मला तिळमात्र शंका नाही. मी तिचा चेहरा बघितलाय त्या वेळचा. लापशीची वाटी हातात तशीच धरून बसायची, डोळे उघडे, आणि चेहऱ्यावर असं काही, की मी झरोक्यापासून मागं सरायचे. मग भानावर आली की म्हणायची, "गार झाली ग, जरा ऊन करून दे." जिला देव दिसतो आणि जिला लापशी ऊन लागते, ती एकच बाई होती. तू त्यातली एक ठेवलीस आणि एक पुसून टाकलीस.

बाप्तिस्म्याआधी मूल गेलेली ती रंगाऱ्याची बायको आठवते? चर्चच्या आवारात पुरू देईनात. खिडकीपाशी येऊन डोकं आपटत होती. आई तिला म्हणाली, "पोरी, तुझं बाळ देवाच्या मांडीवर आहे, आणि तो त्याला खाली ठेवायला तयार नाही." ती बाई अजून जिवंत आहे ती त्या एका बोलण्यावर. ते तू पुस्तकातून गाळलंस. का, तर धर्मपंडितांना चालणार नाही. उपाशी बाई मात्र सगळ्यांना चालते.

शपथ मी घेणार नाही. थंडी फार पडली आहे, जपून राहा.

हाइला


संत लुसीचा दिवस

गोसविन,

या वेळी 'प्रिय ताई' गेली, नुसती 'हाइला' उरली. बरं वाटलं. ओळखीचा आवाज ऐकला.

तू लिहितोस, मी खरं सांगितलं तर आई ढोंगी ठरेल. तिची हाडं चर्चमधून उकरून गावाबाहेर टाकतील, आणि चोरून अन्न पुरवणारी म्हणून मला चौकात उभी करतील. आईचीच हाडं माझ्यावर उगारतोस? शाबास.

आणि म्हणे माझ्या बाजूनं कुणी बोलणार नाही. ते मात्र तू बरोबर हेरलंस. काल मी बीत्रिसला विचारलं. बीत्रिस, जी माझ्या शेजारच्या खोलीत राहते, जिच्या चुलीवर आईची लापशी शिजायची.

"बीत्रिस, तूच ढवळायचीस ना ग?"

"मी ढवळायचे. ढवळत नव्हते असं कोण म्हणतंय?"

"मग?"

"पण ती खायची हे मी कुठं पाहिलं? वाटी आत जायची आणि रिकामी यायची. देवदूत नेत असतील."

"देवदूत हेरिंग खातात?"

"तुझी जीभ फार चालते, हाइला. एवढ्या मोठ्या पुस्तकात लिहिलंय ते काय खोटं?"

ही तुझ्या पुस्तकाची करामत. बायकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

आता मी जे लिहिते ते वाच, मध्येच सोडू नकोस. तुला हे कुणी सांगितलेलं नाही, कारण तुला सांगायची कुणाची हिंमत नाही.

आई एकदा तापानं आजारी पडली, आठवडाभर अन्न गेलं नाही. त्यावर तू पहिलं प्रवचन केलंस. लोकांना आवडलं. पुढच्या वर्षी तू महिनाभर म्हणालास, मग वर्षभर. आईच्या कानावर आलं तेव्हा ती हसली, म्हणाली, "बोलू दे ग त्याला, लहानपणापासून थापा मारतो." नंतर हसेना. रस्त्यावरच्या खिडकीशी येणारे लोक दुःख सांगायचे बंद झाले आणि तिचे दात बघायला लागले. तिनं तुला बोलावून घेतलं आणि म्हणाली, हे थांबव. तू थांबवलं नाहीस.

मग इथल्या पाद्र्यांचा वरिष्ठ डीन लाम्बेर्तनं, ज्याला तू आधीपासून खुपतोस, भर सभेत तुला विचारलं: "ओडा काही खात नाही म्हणता ना? मग ईस्टरच्या आधीच्या उपवासात आमची माणसं पहाऱ्याला बसवू. चालेल?" आणि तू म्हणालास, "चालेल."

तुला माहीत होतं, गोसविन. दुसऱ्या कुणाला नसेल, तुला होतं. लहानपणी त्या झरोक्यातून तूच तिला वाटी द्यायचास, आणि देण्याआधी तिच्या माशाचा तुकडा पळवायचास. तिची जबाबदारी चर्चनं तुझ्यावर सोपवलेली होती. तू झरोका विटांनी बुजवायला सांगितलास. तिनं आज्ञा पाळायचं व्रत घेतलेलं, म्हणून आज्ञा दिलीस की पहारेकऱ्यांशी खाण्याचा शब्द काढायचा नाही. आणि मला चर्चच्या आणि रस्त्याच्या बाजूला फिरकायची बंदी केलीस.

पण आवाराची भिंत तू हलवू शकला नाहीस. मी इकडून कान लावून बसायचे. पहिल्या आठवड्यात ती ओरडून विचारायची, "हाइला, आज काय केलंयस?" पहारेकऱ्यांशी बोलायचं नाही अशी आज्ञा होती, माझ्याशी नाही असं तिनं ठरवलं होतं. मी ओरडून सांगायचे, "वाटाणे!" ती म्हणायची, "मोहरी घातलीस का?" मी म्हणायचे, घातली. मला वाटायचं, म्हातारी चेष्टा करते आहे, म्हणजे अजून बरी आहे. मग आवाज बारीक झाला. मग नुसतं "हाइला" एवढंच यायला लागलं. मग तेही नाही.

मी तुझ्याकडे माणूस धाडला होता: पहारा उठव, ती मरेल. तू एका ओळीचं उत्तर पाठवलंस, 'देवावर भरवसा ठेव.' झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ती गेली. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की खोलीत व्हायोलेट फुलांचा सुगंध दरवळत होता. खोलीत कसला वास होता ते मला माहीत आहे. ती खोली मी धुतली.

तू तिला मारलंस. दुसरा शब्द मला येत नाही.

हाइला


मेणबत्त्यांचा सण, १४२४

प्रिय गोसविन,

तुझं तिसरं पत्र मिळालं, आणि सोबतची लोकरीची शालही. शाल उबदार आहे.

मी या दोन महिन्यांत पुष्कळ विचार केला. रागानं काय मिळतं? आई परत येत नाही. तू म्हणतोस ते खरं आहे, तिची हाडं आहेत तिथं सुखानं राहावीत एवढंच आता आपल्या हातात आहे. शिवाय मी थकले. या आवारात सगळ्या बायका एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, हे जन्मभर मला जमायचं नाही. परवा प्रार्थनेला मी बसले तर शेजारच्या दोघी उठून पलीकडे गेल्या.

तेव्हा तू म्हणशील तसं मी सांगेन. तू लिहून धाडलेलं बीत्रिसला म्हणून दाखवते रोज. बारा वर्षं, पवित्र भाकर, चेहऱ्यावरचं तेज, व्हायोलेटचा सुगंध. बीत्रिसला ऐकता ऐकता रडू येतं. पाठांतर मला लहानपणीही तुझ्यापेक्षा बरं यायचं, आठवतं ना?

फक्त एका ठिकाणी अडलं आहे. आई शेवटी काय म्हणाली, हे तुझ्या पुस्तकात नाही. चौकशीवाले नक्की विचारतील, कारण भिंतीपलीकडे मी होते हे गावाला माहीत आहे. काहीच म्हणाली नाही असं सांगितलं तर बरं दिसणार नाही, एवढी मोठी संत आणि जाताना मुकाट्यानं गेली! मी काय सांगू? लवकर कळव. साक्षीच्या वेळी नातेवाइकांना आत बसू देत नाहीत म्हणे, नाहीतर तुझ्याकडे बघून बोलले असते.

आईची खोली झाडून ठेवली आहे. चौकशीवाले बघायला येतील.

तुझी
हाइला


राखेचा बुधवार

गोसविन,

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही आणि तुला लिहायला बसले आहे. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये असं मला फार वाटतं. सांगणारी मीच हवी.

साक्ष झाली. खोलीत तिघं चौकशीवाले, एक लिहिणारा आणि डीन लाम्बेर्त. मी पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली आणि तू पढवलेलं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. व्हायोलेटच्या सुगंधापाशी आले तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

मग त्यानं विचारलं, "बाई, शेवटच्या दिवशी ती काही बोलली?"

तुझं उत्तर मला वेळेवर मिळालं होतं. 'भक्तीला साजेसं काहीही सांग, तुझ्या मनानं सांग.' तुझ्या हातचं आहे. मी तुझी आज्ञा पाळली. तू पढवलेल्या साक्षीला शेवटी एक वाक्य माझ्या पदरचं जोडलं.

मी म्हणाले, "बोलली. म्हणाली, देवानं मला दिलेली कृपा आता माझ्या गोसविनला मिळाली आहे. त्याला या खोलीत आणून बसवा, माझ्यासारखंच दार बंद करा. तोही अन्नावाचून राहील आणि गावाला सांभाळेल."

लिहिणाऱ्याची लेखणी सरसर चालली. मग तो म्हातारा उठला आणि त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. माझ्या! ज्या हातांनी मी हेरिंग साफ करते.

बाहेर आल्यावर डीन लाम्बेर्तनं मला जिन्यात गाठलं. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"हाइला, हे एवढे दिवस पोटात ठेवलंस?"

"फादर गोसविन म्हणाले होते, कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

"विनयी माणूस! केवढा विनयी माणूस!" म्हणाला आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरला. संध्याकाळच्या आत बाजारभर झालं होतं. विणकरांच्या बायका आईच्या खोलीपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि तुझं नाव घेत होत्या.

तुला खरंच वाटलं होतं ना, मी वळले म्हणून? एका शालीवर? आईला ओळखलं नाहीस ते नाहीस, मलाही नाही.

खोटी शपथ हे पाप आहे. आहेच. मी त्याची शिक्षा भोगेन, मला त्याची भीती वाटत नाही. मला आज इतकं बरं वाटतंय की काय सांगू. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

हाइला


झावळ्यांचा रविवार

गोसविन,

या पंधरवड्यात तुझी चार पत्रं! आई जिवंत असताना वर्षाला एक यायचं.

एकेकाचं उत्तर देते. तू म्हणतोस, मी सांगितलेलं मागं घ्यावं. घेते. उद्याच डीनकडे जाते आणि म्हणते, मी खोटं बोलले. मग ते विचारतील, किती खोटं बोललीस? तिथं मी थांबणार नाही, गोसविन. मागं घ्यायचं तर सगळंच मागं घ्यायचं, बारा वर्षांसकट. चालेल का ते कळव.

तू म्हणतोस, तुला पोटाचं दुखणं आहे. अन्नच नाही म्हटल्यावर ते बरं होईल.

तू बिशपना लिहिलंस, 'मी या कृपेला लायक नाही, माझ्यावर हा भार घालू नये.' इथं चर्चमध्ये ते पत्र वाचून दाखवलं. लोक ढसाढसा रडले. अरे, संत असंच बोलतात! तुझ्याच पुस्तकात आई दर दुसऱ्या पानावर असंच म्हणते. बिशपना थोडी शंका होती म्हणे, ती या पत्रानं फिटली. तुला कोंडायची परवानगी सही होऊन आली.

तू म्हणतोस, पळून जाईन. जा की. जर्मनीत जा, इटलीत जा. तुझं पुस्तक मग कुणी वाचणार नाही, तुझ्या नावाचं चॅपल बांधणार नाही, आणि डीन लाम्बेर्त मरेपर्यंत हसेल. तू नाही जाणार. लहानपणी गोठलेल्या नदीवर पैज लावून चालत गेलास, मध्येच बर्फ करकरायला लागला, सगळे ओरडत होते परत फीर, परत फीर. पण काठावर पोरी बघत होत्या म्हणून तू पुढंच गेलास. तेव्हा मी पाण्यात उतरून तुला ओढून काढलं होतं.

काल आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. शेजारी ती रंगाऱ्याची बायको बसली होती. मला हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नका. ती खरंच काही खायची नाही का हो? मला एकदा तिनं खिडकीतून अर्धा पेअर दिला होता. दुसऱ्या अर्ध्यावर दातांच्या खुणा होत्या."

मी म्हणाले, थोडं थांब. लवकरच कळेल तुला.

हाइला


ओस्टरवेल, ईस्टरनंतरचा तिसरा आठवडा

गोसविन,

तुझी चिठ्ठी डीननं तुझ्या पहाऱ्यावर बसवलेल्या कोलार्टनं आणून दिली. प्रार्थनेचा कागद आहे असं समजून त्यानं ती दोन्ही हातांनी धरली होती.

तुला बंद केलं त्या दिवशी मी पहिल्या रांगेत उभी होते, पाहिलंस ना? तू जमिनीवर पालथा पडलास, तुझ्या अंगावर मूठभर माती टाकली, जिवंतपणी तुझी मृतांची प्रार्थना म्हटली, मग गवंड्यानं दार बुजवायला घेतलं. आईच्या वेळचं सगळं तसंच. आई आत जाताना मागं वळून हसली होती. तू वळून माझ्याकडे पाहिलंस तेव्हा हसला नाहीस. बीत्रिस माझ्या गळ्यात पडून रडली: "काय भाग्य ग तुझं! आई संत, भाऊ संत!" मी म्हणाले, हो ना, मीच तेवढी राहिले जेवणारी.

तुझं अक्षर वेडंवाकडं झालंय. 'ताई, पोटात आग पडली आहे. पवित्र भाकरीचा तुकडा जिभेवर विरघळतो आणि भूक आणखी खवळते. पहाटे कुणी नसताना ये, चर्चच्या बाजूनं काहीतरी दे, मी जन्मभर तुझा ऋणी राहीन.' तुझ्या प्रवचनांपेक्षा हे कितीतरी बरं लिहिलं आहेस. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आईला मी कधी चोरून दिलं नाही. दिवसाउजेडी द्यायचे, सगळ्या आवारादेखत. तुलाही चोरून देणार नाही.

आता नीट ऐक. उद्या बाजाराचा दिवस आहे. विणकर, कोळणी, डीन, पंचक्रोशीतली माणसं चौकात असतील, बरेच जण तुझंच दर्शन घ्यायला. घंटा झाली की मी रस्त्याच्या खिडकीपाशी येईन. हातात लापशीचं भांडं असेल, झाकण काढलेलं. वर हेरिंग, बाजूला मोहरी. मी काही बोलणार नाही. तुझ्याकडून कबुली मागणार नाही, माफी तर नाहीच नाही, ती तुझ्याकडेच ठेव. तू फक्त हात बाहेर काढायचा, भांडं घ्यायचं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, चावून चावून खायचं.

मग लोक जे समजायचं ते समजतील. कृपा मिळालेला मुलगा खातो, म्हणजे आईही खात असणार. मग बीत्रिसला ती ढवळायची ते आठवेल आणि रंगाऱ्याच्या बायकोला पेअर. मग कुणीतरी विचारेल की खाणाऱ्या बाईवर पहारा कुणी बसवला. आईच्या हाडांची काळजी तू करू नकोस. आपण खात नाही असं ती कधीच, कुणालाच म्हणाली नव्हती. ते तू म्हणालास. बायका तिच्या थडग्यावर येतच राहतील, तिनं त्यांना जे सांगितलं त्यासाठी.

खाणार नसशील तर नको खाऊस. तू संत होशील. आई झाली तसाच, त्याच जागी. मी तुझ्यासाठी व्हायोलेट आणून ठेवीन.

पहारेकरी अडवतील ही भीती नको. मी डीनला विचारून घेतलं. तो म्हणाला, फादर गोसविननी स्वतः हात पुढं केला तर कुणी अडवायचं नाही. आईच्या वेळी तसा हुकूम नव्हता. हे मला काल कळलं, आणि तेच तुला सांगायला हे पत्र लिहिते आहे.

कोलार्टच तेव्हाही पहाऱ्यावर होता. काल तुझी चिठ्ठी देऊन झाली तरी जाईना. बसला, आणि एकदम रडायला लागला. म्हणाला, "ताई, शेवटून तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आईनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. रस्त्यानं एक पाववाली चालली होती, तिच्याकडे. बोलली काही नाही. फादरांचा लेखी हुकूम होता, हात बाहेर आला तर झडप लावून घ्यायची. मी लावली. घाईत लावली. ती आतून म्हणाली, बाळा, जरा उघड रे, बोटं अडकलीत."

मी विचारलं, उघडलीस?

म्हणाला, "उघडली. पुन्हा हात नाही आला बाहेर."

आज सकाळी मी लोहाराला आणून त्या खिडकीची झडप उतरवून घेतली आहे. उद्या घंटेला येते.

हाइला